टर्की हंटिंगची मोठी वेस्ट: खिसे भरपूर, पण भरायचे किती?

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं निवांत वाचा. मागे फ्रेमचे पाय उघडून जमिनीवर उभी राहणारी, जाड सीट असलेली आणि जिकडेतिकडे खिसेच खिसे असलेली ती मोठी टर्की वेस्ट, म्हणजे रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला सामान ठेवायला घालतात ते बिनबाह्यांचं जाकीट, मी वापरतोय. साधारण दीडशे डॉलरला पडली. शिवण मजबूत आहे, सीट एक नंबर आहे, आणि एका जागी ठाण मांडून बसणार असाल तर पैसे वसूल. पण डोंगरात चालत, कॉल देत (मादीचा आवाज काढत), नराच्या ओरडण्याचा म्हणजे गॉबलचा आवाज येईल तिकडे सरकत शिकार करणार असाल तर ही घेऊ नका. बेल्टवाली साधी गादी आणि एक छोटा पाऊच घ्या, तीस-पस्तीस डॉलरमध्ये काम होतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या टाइपच्या सगळ्या वेस्ट थोड्याफार फरकाने सारख्याच असतात आणि मला जे म्हणायचंय ते या अख्ख्या टाइपबद्दल आहे.

मी न्यूयॉर्क स्टेटमध्ये जातो, कॅट्सकिलच्या डोंगरांच्या बाजूला. इथला स्प्रिंग सीझन १ मे ते ३१ मे, वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून दुपारी १२ पर्यंत, आणि फक्त दाढीवाला पक्षी मारायचा, म्हणजे छातीतून तो केसांसारखा झुपका लोंबत असतो तो. सीझनला दोन, दिवसाला एक. म्हणजे बघा, सगळा कार्यक्रम पहाटे सुरू होऊन दुपारी जेवायच्या आत संपतो. मुक्काम नाही, स्वयंपाक नाही, काही नाही. तरी पार्किंगला लोकांच्या पाठीवर जे ओझं दिसतं ते बघून वाटतं की ही मंडळी आठवडाभर परतणार नाहीत. आणि याला कारण वेस्टच आहे असं माझं ठाम मत झालंय. खिसा रिकामा दिसला की माणूस त्यात काहीतरी कोंबतोच.

भारतात जाताना बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा असतो ना, त्याला ही वेस्ट लटकवून बघितली. रिकामी साडेसहा पाउंडांच्या आसपास. मग त्यात सगळं भरलं, दोन डिकॉय (नकली टर्की), चार प्रकारचे कॉल (टर्कीचा आवाज काढायची साधनं), दुर्बीण, रेंजफाइंडर, पाण्याच्या दोन बाटल्या, खाणं, छाटणीची कात्री, पावसाचं जाकीट, पॉवर बँक, तर काटा एकोणीसच्या वर गेला. वरून बंदूक सहा-सात पाउंड. आणि शिकार मिळाली तर परत येताना एक मोठा गॉबलर, म्हणजे नर टर्की, अठरा ते वीस पाउंडांचा. आता पहाटे साडेचारला ओल्या पाचोळ्यातून चढ चढताना हे सगळं अंगावर असेल तर घाम फुटतो, आणि मग वर जाऊन थंडीत घामेजलेल्या कपड्यांत तासभर बसायचं, म्हणजे कुडकुडणं आलं, कुडकुडणं म्हणजे हलणं आलं, आणि हललात की विषय संपला.

कारण टर्कीची नजर. वासाचं तिला फारसं काही नसतं, हरणासारखी वाऱ्याची काळजी करावी लागत नाही, पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता तिला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, रंगही चांगले दिसतात, आणि हालचाल तर विचारूच नका. म्हणून सामान किती न्यायचं याचा खरा हिशोब वजनाचाही नाही, हाताचा आहे. गॉबलर ऐंशी यार्डांवर आला की तुमचा हात खिशात जाऊ शकत नाही. त्या क्षणी तुमच्याकडे काय असतं? गुडघ्यावर टेकवलेली बंदूक, तोंडात माउथ कॉल, चेहऱ्यावर जाळी, हातात ग्लोव्हज. बास. बाकी सगळं त्याच्या आधी वापरायचं किंवा त्याच्या नंतर वापरायचं. हे एकदा डोक्यात बसलं की वेस्टमधला निम्मा माल आपोआप बाहेर येतो.

आता वेस्टचे एकेक भाग घेतो.

सीट. या वेस्टमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आणि खरं सांगायचं तर दीडशेतले शंभर डॉलर मी हिच्यासाठीच दिले असं धरतो. तीन इंच जाडीची आहे, खालून वॉटरप्रूफ. मे महिन्यातली जमीन ओली असते, झाडाच्या मुळ्या टोचतात, आणि पाऊण तासाने पाय सुन्न झाले की माणूस चुळबुळ करतोच, मग तो कितीही संयमाचा असो. सीट ही चैन नाही, स्थिर बसायचं ते मुख्य हत्यार आहे. पण चालताना ही सीट मांड्यांच्या मागे आपटत राहते, आणि ती वर अडकवून ठेवायला जे प्लास्टिकचं बक्कल दिलंय ते लावता-काढताना टक्क असा आवाज होतो. दिवसा ऐकू पण येणार नाही इतका, पण पहाटे, झाडावर झोपलेल्या पक्ष्यापासून शंभर यार्डांवर, तो आवाज फार मोठा वाटतो. मी बक्कल तळहातात धरून हळूच दाबतो. कंपन्यांनी इथे मॅग्नेट द्यावा, काही मॉडेल्सना असतो, घेताना तो बघाच.

खिसे. पुढचे दोन मोठे मॅग्नेटवाले आहेत आणि ते छान शांत उघडतात. आतल्या दोन खिशांना वेलक्रो आहे. टर्कीच्या वेस्टला वेलक्रो लावायची कल्पना ज्याला सुचली त्याने कधी जंगलात बसून तो उघडून बघितलाय का हा प्रश्न मला खरंच पडतो, त्या खर्रर आवाजाने अख्खी टेकडी जागी होईल. मी त्या खिशांवर आतून कापड शिवून टाकलं, आता ते उघडेच असतात. बॉक्स कॉलसाठी (झाकण घासून वाजवायची लाकडी पेटी) वेगळा लांबट खिसा दिलाय, कल्पना चांगली आहे, पण चालताना कॉलचं झाकण हलून आपोआप चिरचिरतं. त्यावर जाड रबरबँड लावा नाहीतर झाकणाखाली कापडाची घडी सरकवा.

खांद्याचा पट्टा. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ओझं टोचू नये म्हणून पट्टे जाड, फोमचे दिलेत, आणि ओझ्यासाठी ते बरोबर आहे. पण बंदुकीचा दस्ता जिथे खांद्याला लागतो नेमका तिथेच तो फोम येतो. दस्ता घसरतो, नाहीतर बंदूक नेहमीपेक्षा पुढे जाते आणि गाल बरोबर टेकत नाही. टर्की लोड (टर्कीसाठीचं छऱ्यांचं काडतूस) म्हणजे चाळीस यार्डांवर डोक्या-मानेवर छऱ्यांचा दाट घोळका टाकायचा खेळ आहे, साधारण पसरट मारा नाही, त्यामुळे गाल नीट बसला नाही तर नेम गेलाच. म्हणून पॅटर्न बोर्डवर, म्हणजे छरे कसे पसरतात ते दाखवणाऱ्या निशाणावर, बंदूक तपासाल तेव्हा वेस्ट घालून, सीझनमधलं जाकीट घालून, जमिनीवर बसून तपासा. उभं राहून टी-शर्टवर तपासलेल्या पॅटर्नचा काही उपयोग नाही.

फ्रेम. जाहिरात अशी की झाड नको, कुठेही बसा, शेताच्या कडेला, झुडपाच्या आड. आणि खरंच टेकून बसता येतं, पाठ दुखत नाही. पण झाडाला पाठ लावून बसायचं असतं ते फक्त टेकायला नाही. खांद्यापेक्षा रुंद बुंधा निवडायला हंटर एज्युकेशनच्या कोर्समध्ये सांगतात त्याची दोन कारणं, एक म्हणजे तुमचा आकार त्यात मिसळतो, आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, तुमचाच कॉल ऐकून मागून दुसरा कुणी शिकारी येत असेल तर तुमची पाठ झाकलेली असते. पब्लिक लँडवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या सरकारी जमिनीवर, हे फार खरं आहे. त्यामुळे फ्रेम आहे म्हणून मी झाड सोडत नाही, आणि झाड सोडायचं नसेल तर मग फ्रेमचं वजन कशाला वाहायचं? माझ्या मते प्रायव्हेट शेतावर, जिथे दुसरं कुणी नाही हे नक्की माहितीये, तिथेच फ्रेमचा फायदा आहे.

आता सामान, म्हणजे काय ठेवलं आणि काय काढलं.

कॉलमध्ये लोक सगळ्यात जास्त वाहवत जातात. दुकानात भिंतभर लटकलेले असतात आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा म्हणून प्रत्येकच घ्यावासा वाटतो. पण तुम्हाला बनवायचे आवाज मोजकेच आहेत, येल्प (साद), क्लक (एकेरी तुटक आवाज), पर (हलकी घुरघुर), आणि तापलेली मादी दाखवायची असेल तर कटिंग (जलद, तुटक क्लक). एक पॉट कॉल (काडी घासून वाजवायची गोल डबी) आणि त्याच्या दोन काड्या, दोन माउथ कॉल, एवढ्यात हे सगळं निघतं. मी पॉट काचेचा घेतो आणि एक काडी कार्बनची ठेवतो, कारण स्लेटचा पॉट आणि लाकडाची काडी दवाने ओली झाली की घसरतात आणि आवाजच बंद. बॉक्स कॉल? आवाज लांब जातो, वाऱ्यातही ऐकू येतो, शिकायला सगळ्यात सोपा, आणि डिझाइन इतकं टिकाऊ की हेन्री गिब्सनने त्याचं पेटंट १८९७ मध्ये घेतलं आणि आजचे बॉक्स कॉल दिसायला साधारण तसेच आहेत. पण तो वाजवायला दोन्ही हात लागतात, खडू लागतो आणि भिजला की गेला. वारं असेल त्या दिवशी नेतो, नाहीतर घरी. नवीन असाल तर उलट करा, बॉक्स न्या आणि माउथ कॉल गाडीत जातायेता शिकत राहा, तो टाळूला चिकटवायची सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला ओकारी आल्यासारखं होतं, सोडू नका.

शिवाय लोकेटर, म्हणजे नर कुठे आहे ते शोधायचे कॉल. पहाटे घुबडाचा, उजाडल्यावर कावळ्याचा. दचकून गॉबल दिला की पक्षी कुठे आहे ते कळतं. दोन्ही खिशात मावतात, पण घुबडाचा आवाज तोंडाने काढता येत असेल तर तेवढंच एक कमी.

डिकॉय. हा मोठा निर्णय आहे कारण जागा हेच खातात. शेताच्या कडेला, उघड्यावर बसणार असाल तर एक मादी आणि एक जेक (कोवळा नर) फार कामाचे, गॉबलरला लांबून दिसलं पाहिजे ना. पण दाट जंगलात, जिथे तुम्हालाच पन्नास यार्डांपलीकडचं दिसत नाही, तिथे डिकॉय कुणाला दाखवणार? तिथे उलट पक्षी शोधत शोधत जवळ आलेला बरा. म्हणून जंगलात शून्य किंवा फार तर एक घडीची फोमची मादी, आणि लावायची ती पंधरा-वीस यार्डांवर, म्हणजे तिच्याशी झटणारा पक्षी आरामात टप्प्यात असतो. फुल स्ट्रट, म्हणजे पिसारा फुलवलेला नर डिकॉय मी पब्लिक लँडवर अजिबात नेत नाही. नेणार असाल तर चालताना तो पूर्ण झाकलेला पाहिजे. या वेस्टच्या मागच्या पिशवीतून डिकॉयचं लाल डोकं बाहेर डोकावतं, आणि ही मला या वेस्टमधली सगळ्यात गंभीर त्रुटी वाटते. गॉबलरचं डोकं लाल, पांढरं, निळं असतं, म्हणून हे तीन रंग अंगावर कुठेही दिसू द्यायचे नाहीत. अगदी खिशातला पांढरा टिश्यूसुद्धा नाही. झाडीत शिंक आली आणि पांढरं काहीतरी फडफडलं, तर समोरच्या शिकाऱ्याला काय दिसेल विचार करा.

याच कारणाने जे कधीच काढायचं नाही ते म्हणजे भडक नारिंगी कापड. वेस्टमध्ये घडी घालून बसवलेला एक नारिंगी फडका मिळतो, तो पाठीवर सोडता येतो, हे मला फार आवडलं. जागा बदलताना आणि विशेषतः पक्षी घेऊन परत येताना तो बाहेर असलाच पाहिजे. टर्की शिकाऱ्याला इथे नारिंगी सक्तीचं नाही, पण म्हणून काय झालं.

काडतुसं तीन. लोक दहा-दहा घेतात, कशाला? आता टंगस्टनचे टीएसएस छरे आलेत, घनता साधारण १८, शिशाची ११ च्या थोडी वर, त्यामुळे ९ नंबरचा बारीक छराही लांबपर्यंत जोर धरतो आणि २० गेजची हलकी बंदूक पुरते. मला विचाराल तर वजन कमी करायचा सगळ्यात चांगला मार्ग हाच, खिशातल्या चिल्लर गोष्टी काढण्यापेक्षा बंदूक हलकी घ्या. महाग आहेत, एका काडतुसाला दहा डॉलरच्या वर जातात, पण सीझनभरात लागतात किती? आणि त्या किमतीत उत्पादकाच्या विक्रीवरचा ११ टक्के फेडरल टॅक्स धरलेला असतो, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा, तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. न्यूयॉर्कमधून टर्की १८४० च्या दशकातच नाहीशी झाली होती. १९४८ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियाच्या बाजूने काही पक्षी आपणहून आत आले आणि १९५९ पासून स्टेटने ते पकडून नव्या भागांत सोडायला सुरुवात केली. आज पहाटे दरीतून जो गॉबल ऐकू येतो ना, तो या सगळ्या कामामुळे, म्हणून ते पैसे देताना मला जड वाटत नाही.

दुर्बीण काढली, जंगलात उपयोग नाही, शेतावर असतो. रेंजफाइंडर काढला. बसण्याआधी चाळीस पावलं चालून एक झाड हेरून ठेवतो, त्याच्या अलीकडे आला तरच. छाटणीची कात्री ठेवली, छोटीशी, समोरच्या दोन फांद्या उडवायला तिच्यासारखं काही नाही. पाणी एक बाटली. खाणं म्हणजे कागदाचा आवाज न करणारं, घरीच कापडात गुंडाळून. हेडलॅम्प, फोनमध्ये ऑफलाइन नकाशा, कारण कॅट्सकिलच्या दऱ्यांत नेटवर्कचा भरवसा नाही. पेन आणि दोरी, हे विसरू नका, पक्षी पडला की लगेच तिथेच टॅग (शिकारीच्या नोंदीची चिठ्ठी) भरायचा असतो, आणि सात दिवसांत रिपोर्ट करायचा.

गोचिड्या मात्र मनावर घ्या. इथे लाइम डिसीज पसरवणारी काळ्या पायांची गोचीड भरपूर आहे आणि तुम्ही तासन्तास नेमके तिच्या जागेत, पाचोळ्यात बसणार. ०.५ टक्के परमेथ्रिन कपड्यांवर आणि वेस्टवर आदल्या दिवशीच मारून वाळवा, सीटच्या खालच्या बाजूलाही. कातडीवर नाही, फक्त कापडावर. मच्छरांसाठी थर्मासेल, म्हणजे औषधाची मॅट तापवून मच्छर पळवणारं छोटं उपकरण, पंधरा फुटांच्या टप्प्यात चांगलं काम करतं, एक मॅट चार तास जाते, म्हणजे दुपारी बारापर्यंत बसायचं तर दोन लागतात. हे वजन मी खुशीने उचलतो, कारण तोंडाभोवती मच्छर घोंघावत असताना हात न हलवता बसणं कुणालाच जमत नाही.

आणि मागची मोठी पिशवी रिकामी ठेवा. ती पक्ष्यासाठी आहे. पावसाचं जाकीट, डिकॉय, जेवण असं सगळं तिच्यात कोंबलं की वीस पाउंडांचा गॉबलर पाय धरून खांद्यावरून न्यावा लागतो, आणि पब्लिक लँडवर उघड्या खांद्यावर पंख हलत असलेला पक्षी घेऊन चालणं धोक्याचं. या वेस्टची पिशवी प्रशस्त आहे, आत धुता येईल असं अस्तर आहे, पक्षी पूर्ण झाकला जातो. इथे पूर्ण मार्क.

असं सगळं काढल्यावर माझं सामान, गादी धरून, सात-आठ पाउंडांत बसतं. आणि एवढ्यासाठी साडेसहा पाउंडांची रिकामी वेस्ट घालणं मला पटत नाही, म्हणून जंगलात मी बेल्टवाली गादी, पाऊच आणि पाठीवर पातळ नारिंगी सॅक एवढंच नेतो. मोठी वेस्ट शेतावरच्या ब्लाइंडसाठी (लपून बसायचा आडोसा) आणि मुलांसोबत जाताना. एप्रिलमध्ये १२ ते १५ वर्षांच्या मुलांचा यूथ वीकेंड असतो, बरोबर मोठा माणूस लागतो, आणि तेव्हा जास्तीचे ग्लोव्हज, जास्तीची जाळी, खाऊ, जास्तीचं जाकीट हे सगळं लागतंच. मूल गारठलं, भुकेलं, की पुन्हा यायचं नाव काढणार नाही. तिथे हे सगळे खिसे भरा, बिनधास्त.

व्हिसावर असाल तर बंदूक बाळगायचे फेडरल नियम वेगळे आहेत, ते आणि हंटिंग लायसन्सचं आधी नीट समजून घ्या, वेस्ट नंतर.

घेताना साइज जाकिटावरून बघा, एक नंबर मोठाच लागतो. दुकानात घालून खाली जमिनीवर बसा, लाजू नका, सीट उघडा, बंद करा, प्रत्येक खिसा एकदा उघडून कान देऊन ऐका, आणि पट्टा खांद्याच्या खड्ड्यात येतो का ते हाताने चाचपून बघा. ऑनलाइन मागवली तर हेच सगळं घरी टॅग न तोडता करा, आवाज किंवा पट्टा नडत असेल तर परत करून टाका, जंगलात गेल्यावर तो आपोआप बरा होत नाही.